आईचा कॅन्सर हाडांत पसरलाय आणि रेडिएशन फक्त एक दिवस सांगितलंय. ही बोळवण आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईंचा स्तनाचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात आणि मांडीच्या हाडात उतरलाय. काठी घेऊन त्या घरात चालतात, पण रात्री दुखण्याने झोप नाही. डॉक्टरांनी 'पॅलिएटिव्ह' (म्हणजे त्रास कमी करण्यासाठीचं) रेडिएशन सांगितलं, तेही एकाच दिवसाचं. ओळखीतल्या एकांना ३५ दिवस लाईट दिली होती, मग आईंना एकच दिवस का, आणि बरंच होणार नसेल तर द्यायची कशाला?

बोळवण नाही. हा पूर्ण उपचार आहे, फक्त त्याचं उद्दिष्ट वेगळं आहे. ३५ बैठकांमध्ये साधारण ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप) डोस जातो, कारण तिथे गाठीतली शेवटची पेशीसुद्धा मारायची असते आणि आजूबाजूचं चांगलं अंग वाचवायचं असतं. हाडाचं दुखणं थांबवायला तेवढं लागत नाही. कॅन्सर हाड पोखरताना ज्या पेशी आणि जी रसायनं वेदना पेटती ठेवतात, त्यांना शांत करायला थोडा डोस पुरतो. एका बैठकीत ८ ग्रे, पाचमध्ये २० ग्रे आणि दहामध्ये ३० ग्रे या पद्धतींची अनेक चाचण्यांत तुलना झाली आहे. दुखणं तिन्हींत सारखंच कमी होतं: साधारण १०० पैकी ६० जणांना आराम पडतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं पूर्ण जातं. फरक एवढाच की एका बैठकीनंतर काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा देण्याची वेळ जास्त जणांवर येते, साधारण १०० पैकी २० जणांवर. जास्त बैठकांनंतर ती ८ जणांवर येते. पण पुन्हा देता येते. ज्या माणसाला टेबलावर आडवं होणंच शिक्षा वाटतं, त्याच्या नऊ फेऱ्या वाचवणं हा मला उत्तम सौदा वाटतो.

मांडीच्या हाडाबद्दल मात्र रेडिएशनच्या आधी एक गोष्ट विचारा. पाय टेकला की कळ येते का? येत असेल, तर हाड मोडायच्या बेतात असू शकतं. रेडिएशनने दुखणं थांबतं, हाड लगेच भरत नाही. भरायला महिने जातात. उलट दुखणं गेल्यावर माणूस निर्धास्त चालतो आणि पाय मोडतो. म्हणून पूर्ण मांडीचा एक्स-रे हाडांच्या सर्जनला दाखवा. धोका जास्त असेल तर आधी आत सळई घालतात आणि जखम भरल्यावर रेडिएशन देतात. तोपर्यंत काठीपेक्षा वॉकर बरा, आणि बाथरूममध्ये एकटं सोडू नका.

आता त्या दिवसाबद्दल. आधी नियोजनाचा सीटी स्कॅन होतो, त्वचेवर शाईच्या खुणा किंवा बारीक टिंब करतात. शाईच्या खुणा घासून काढू नका. खरा डोस काही मिनिटांचाच असतो आणि देताना काहीच जाणवत नाही. दुखतं ते टेबल. ते सपाट आणि कडक असतं, गादी नसते, आणि जागा जुळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं न हलता पडून राहावं लागतं. बिघडतं ते इथेच: दुखण्याने पेशंट हलतो, तंत्रज्ञ पुन्हा जुळवतात, वेळ वाढते, दुखणं वाढतं. मॉर्फिन चालू असेल तर मधल्या वेळचा जादा डोस टेबलावर जाण्याआधी ३० ते ४५ मिनिटं द्या, आणि रांग लांबली तर दुसऱ्याबद्दल तिथल्या नर्सला विचारा. कमरेच्या मणक्याला डोस देताना आतडी वाटेत येतात, त्यामुळे उलटी होऊ शकते. ऑन्डानसेट्रॉन हे उलटीचं औषध साधारण तासभर आधी द्यायला सांगतात का ते विचारून घ्या. घरी आल्यावर आईंच्या अंगातून कुठलेही किरण बाहेर पडत नाहीत. नातवंडं मांडीवर बसली तरी चालतात.

पुढचे दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं. तीनातल्या एकाला तरी असं होतं, आणि घरचे 'रेडिएशन उलटलं' म्हणून घाबरतात. ही तात्पुरती सूज असते. ती टाळायला काही डॉक्टर डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी ८ मिलीग्रॅम त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस देतात. ती सकाळी द्यायची, संध्याकाळी दिली तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर वाढते, तेव्हा मोजत राहा. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी तिच्यासोबत स्वतःहून देऊ नका. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आराम एक-दोन आठवड्यांनी सुरू होतो आणि पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. चार आठवड्यांच्या आत 'काही उपयोग झाला नाही' असा निकाल लावू नका. एका वहीत रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा आणि किती जादा डोस लागले ते लिहा. डॉक्टरांना 'बरं आहे'पेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग होतो.

रेडिएशन काम करेपर्यंतचे हे आठवडे मॉर्फिनवरच काढायचे असतात, आणि इथेच सर्वात जास्त चुका होतात. 'अगदीच असह्य झालं तर देऊ' हा विचार सोडा. साधं मॉर्फिन चार तास टिकतं, म्हणून दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायचं, दुखो न दुखो. झोपताना दुप्पट डोस देऊन मध्यरात्रीचा टाळता येतो का, ते डॉक्टरांना विचारा. मधल्या वेळी कळ आली तर दिवसाच्या एकूण डोसचा सहावा भाग जादा देतात: १० मिलीग्रॅम दर चार तासांनी म्हणजे दिवसाला ६०, तर जादा डोस १०. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि आठवडाभर मळमळ असते, मग शरीर सरावतं. बद्धकोष्ठाला मात्र शरीर कधीच सरावत नाही. पहिल्या डोसापासूनच सेना किंवा बिसाकोडिलसारखं रेचक रोज लागतं, नुसतं इसबगोल नको. कमी पाणी पिणाऱ्या माणसात ते आतच गोळा होऊन बसतं. तीन दिवस शौचाला झाली नाही तर फोन करा. आणि चार दिवसांनंतर अचानक पातळ होऊ लागलं तर जुलाबाचं औषध देऊ नका. कडक झालेल्या मळाच्या बाजूने पातळ झिरपतं, त्याला जुलाब समजून औषध दिलं की अडथळा पक्का होतो.

अजून एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. रेडिएशनने दुखणं कमी झालं की तोच मॉर्फिनचा डोस जास्त ठरू लागतो. दुखण्याचा आकडा उतरलाय आणि आई दिवसभर पेंगतात, हातपाय मध्येच झटके देतात, भास होतात असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. किडनी मंदावली असली तरी हेच होतं. डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, एकदम बंद करत नाहीत.

आता तातडीचं. मणक्यात कॅन्सर आहे, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं: पाठदुखी आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणं, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, पाय जड किंवा बधिर होणं, लघवी तुंबणं. हा मज्जारज्जूवर दाब असू शकतो. सकाळची वाट बघू नका. चालता येत असताना उपचार सुरू झाला तर चालणं बहुधा टिकतं. पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परत येतं. दुसरं म्हणजे खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ आणि बरळणं एकत्र आलं, तर ते मॉर्फिनवर ढकलू नका. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं, आणि ते सलाईन व इंजेक्शनने उतरतं.

हाडं सांभाळायला झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुचवतील. ते सुरू होण्याआधी दात तपासून घ्या आणि काढायचा असेल तो आधीच काढा, नंतर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. तोंड आलं तर लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या. जेवणासाठी मागे लागू नका. भूक कॅन्सरमुळे मरते, हट्टाने नाही.

पॅलिएटिव्ह डॉक्टरांना आत्ताच भेटा, 'शेवटी बघू' नको. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीपासून ही साथ मिळालेल्या रुग्णांचे दिवस तर बरे गेलेच, शिवाय त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, इतरांच्या गटात हाच आकडा ८.९ महिने निघाला.

रेडिएशनला नाही म्हणावं अशी वेळही असते. माणूस अंथरुणाला पूर्ण खिळलाय, हातात काही दिवसच आहेत, तर आराम पोचायच्या आधीच दिवस संपतात आणि प्रवासाचा छळ तेवढा उरतो. तेव्हा औषधांवरच भर द्यावा. तुमच्या आई अजून काठी घेऊन चालतात, म्हणून एक्स-रे याच आठवड्यात दाखवा आणि रेडिएशनची तारीख पुढे ढकलू नका.