दहावीतल्या मुलीला डॉक्टरकी दाखवायची कशी?

प्रश्न: मुलगी दहावीत, डॉक्टर व्हायचं म्हणते, पण हॉस्पिटल आतून कधी बघितलेलं नाही. आत्ताच नीटचा क्लास लावू का?
– एक आई, साखळी

उत्तर: ताई, क्लास नंतर बघू, आधी तिच्या हाताला काम द्या. मटणवाल्याकडून बकऱ्याचं अख्खं हृदय आणा, ग्लोव्हज घालून सायन्सच्या टीचरसमोर उभं कापू दे, डाव्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा केवढी जाड आहे ते बोटाला लागतं आणि मग सगळ्या शरीरभर रक्त ढकलायचं म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही, खरंच! शाळेला सांगून सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, ट्रेनिंगही ठेवा, छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, साधारण 5 सेंटिमीटर खोल दाबायची, दोन मिनिटांत दंड भरून येतात. पुतळ्यावरच हां, धडधाकट माणसावर नाही.

आणि फक्त एमबीबीएसच धरून बसू नका. बांबोळीला गोमेकॉशिवाय (गोवा मेडिकल कॉलेज) डेंटल आणि नर्सिंगची कॉलेजं आहेत, पणजीत फार्मसीचं. ओळखीच्या नर्सबाईंशी, लॅबवाल्यांशी तिला निवांत बोलू दे, नाईट ड्युटीचंसुद्धा विचारू दे. रक्त बघून चक्कर आली तरी घाबरू नका, बऱ्याच जणांची सवयीने जाते.