‘ब्लॉक’ला एकच मराठी शब्द का पुरत नाही

आपण विचारले आहे की, भाषांतराच्या कामात ‘ब्लॉक’ या इंग्रजी शब्दासाठी सगळीकडे ‘अडथळा’ लिहिल्यामुळे मजकूर परत आला, तेव्हा त्यासाठी एकच बिनचूक मराठी शब्द ठरवता येईल का. सोबत आपण तीन नमुने दिले आहेत : रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना, आयपीओच्या (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या) अर्जातील ‘खात्यातील रक्कम ब्लॉक होईल’ हे वाक्य, आणि पेसमेकर (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे विद्युत उपकरण) बसवलेल्या रुग्णाच्या अहवालातील ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’. माझे मत स्पष्ट आहे : असा एक शब्द ठरवता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. मात्र या शब्दाचे अर्थ कसे फुटत गेले हे एकदा ध्यानात घेतले, तर कोणत्या वाक्यात काय लिहायचे हे पुष्कळदा वाक्यच सांगते.

हा शब्द डचमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा जुना अर्थ झाडाच्या खोडाचा ओंडका असा आहे. ओंडका भरीव आणि एकसंध असतो, आणि तो वाटेत आडवा पडला तर वाट बंद होते. या दोन गुणांतून अर्थांच्या दोन शाखा निघाल्या. पहिल्या शाखेत ठोकळा, कापडावर उमटवायचा लाकडी ठसा, जुन्या छापखान्यांतला चित्राचा ब्लॉक, पदपथावरचे पेव्हर ब्लॉक आणि पुढे ‘एकत्र धरलेला समूह’ हे अर्थ येतात. शेअर बाजारातील ‘ब्लॉक डील’ म्हणजे मोठ्या संख्येच्या शेअरचा एकगठ्ठा व्यवहार, आणि नोकरदारांच्या रजा-प्रवास सवलतीतील (एलटीसी) 2022 ते 2025 हा ‘ब्लॉक’ म्हणजे चार वर्षांचा गट. दुसऱ्या शाखेत रोखणे, अडवणे, बंद करणे हे अर्थ येतात. म्हणून वाक्य समोर आले की प्रथम शाखा ओळखावी. ‘गटविकास अधिकारी’ या पदनामातील ‘गट’ हा याच शब्दाचा अनुवाद आहे, आणि तिथे कोणी ‘अडथळा विकास अधिकारी’ लिहिणार नाही.

घरांच्या बाबतीत मुंबईच्या मराठीने जे केले आहे ते मला फार मोलाचे वाटते. ब्रिटिश इंग्रजीत ‘ब्लॉक ऑफ फ्लॅट्स’ म्हणजे अनेक सदनिकांची अख्खी इमारत. अमेरिकेत ब्लॉक म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला शहराचा तुकडा, आणि म्हणून तिथे ‘दोन ब्लॉक पलीकडे’ असे अंतरही सांगतात. (दुसऱ्या महायुद्धात असा अख्खा तुकडा उद्ध्वस्त करू शकणाऱ्या ब्रिटिश बॉम्बना ‘ब्लॉकबस्टर’ म्हणू लागले, आणि मग तो शब्द चित्रपटांना लागला.) गिरगावातल्या चाळीतून निघालेले कुटुंब मात्र ‘दादरला ब्लॉक घेतला’ असे म्हणत असे, तेव्हा त्याचा अर्थ ना इमारत होता ना रस्त्यांमधला तुकडा; संडास, मोरी आणि स्वयंपाकघर ज्याच्या दाराच्या आत आहे असे एक स्वतंत्र घर, एवढाच तो अर्थ होता. चाळीतील खोलीला सामाईक गॅलरी आणि सामाईक संडास असत, त्यामुळे ‘खोली’ आणि ‘ब्लॉक’ या दोन शब्दांमधले अंतर राहणीमानाचे अंतर होते. आता ‘फ्लॅट’ रूढ झाला असला, तरी जुन्या मराठी लेखनात ‘ब्लॉक’ आला की हाच अर्थ घ्यावा, आणि इंग्रजीत नेताना तो ‘ब्लॉक’ म्हणून ठेवू नये. लंडनच्या वाचकाला नायकाने अख्खी इमारत विकत घेतल्यासारखे वाटेल. वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘जी ब्लॉक’ ही तिसरीच गोष्ट आहे. तिथे तो नियोजन विभाग आहे आणि पत्त्याचा भाग असल्यामुळे तसाच ठेवावा.

रेल्वेच्या भाषेत हा शब्द दुसऱ्या शाखेचा आहे. पण तिथले अडवणे सुरक्षेसाठी असते, आणि ‘अडथळा’ नेमका इथेच चुकतो. रेल्वेमध्ये मार्गाचे ‘ब्लॉक सेक्शन’ असे भाग पाडलेले असतात, आणि मूळ पद्धत अशी की, एका भागात गाडी असताना मागच्या गाडीला तो भाग बंद असतो. आयर्लंडमधील आर्मा येथे 1889 साली झालेल्या भीषण रेल्वे अपघातानंतर ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर ही पद्धत कायद्याने सक्तीची केली. मेगाब्लॉक हा देखभालीसाठी घेतलेला ब्लॉक आहे : रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड तारा यांच्या कामासाठी ठरावीक मार्ग ठरावीक वेळ वाहतुकीतून काढून घेतला जातो. त्यातही ‘ट्रॅफिक ब्लॉक’मध्ये गाड्या थांबतात, तर ‘पॉवर ब्लॉक’मध्ये तारांमधला 25,000 व्होल्टचा पुरवठा बंद केला जातो, कारण त्याशिवाय कामगारांना तारांना हात लावता येत नाही. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस फलाटांच्या कामासाठी ठाण्यात 63 तासांचा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला 36 तासांचा ब्लॉक आधी जाहीर करून घेतला गेला होता. रुळांवर झाड पडले तर तो अडथळा. जो ‘घेतला’ जातो तो ब्लॉक. मराठीने त्याला ‘घेणे’ हे क्रियापद लावून हा फरक स्वतःच नोंदवला आहे, म्हणून सूचनेत ‘मेगाब्लॉक’ हाच शब्द ठेवावा. सर्व मुंबईकरांना तो समजतो.

आयपीओच्या अर्जातील वाक्याला ‘रोखून ठेवली जाईल’ हे उत्तम बसते. शेअर मिळेपर्यंत ती रक्कम अर्जदाराच्याच खात्यात राहते आणि बचत खाते असल्यास तिच्यावर व्याजही मिळते. म्हणून ‘वजा होईल’ लिहिणे चूक ठरेल, आणि ‘अडकेल’ या शब्दाने अर्जदार विनाकारण घाबरेल. हरवलेले कार्ड मात्र ‘बंद करावे’. अर्जाच्या माथ्यावर ‘ब्लॉक लेटर्स’मध्ये लिहा असे असेल, तर देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी-लहान (कॅपिटल-स्मॉल) अक्षरे नसल्यामुळे ‘सुट्या, सुवाच्य अक्षरांत’ एवढेच म्हणावे.

अहवालाविषयी सर्वांत अधिक सावध राहावे, कारण आपल्याकडे ‘हृदयात दोन ब्लॉक निघाले’ असे जे म्हटले जाते, ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतील चरबीयुक्त थरांमुळे झालेल्या अरुंदपणाविषयी असते आणि त्याचा उपचार औषधे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास हा असतो. डॉक्टरांचा ‘हार्ट ब्लॉक’ वेगळा आहे. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. त्याच्या तीन पायऱ्या मानल्या जातात, आणि तिसरीत, म्हणजे ‘कम्प्लीट’मध्ये, वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या गतीने चालतात. रक्तवाहिन्या पूर्ण मोकळ्या असतानाही हे होऊ शकते. आपल्या अहवालात पेसमेकरचा उल्लेख आहे, तेव्हा तिथे ‘रक्तवाहिनी बंद’ असे कदापि लिहू नये. ‘हृदयातील विद्युत संदेशवहन पूर्णपणे खंडित (कम्प्लीट हार्ट ब्लॉक)’ असे लिहावे आणि अंतिम मजकूर संबंधित डॉक्टरांना दाखवून घ्यावा.