उद्योजकाच्या गावात गाणं शिकवायला पुणं सोडून जावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एकोणतीस वर्षांच्या आहात, पुण्यात गुरुजींकडे आठवड्यातून दोनदा तालीम चालू आहे, आणि विदर्भातले एक उद्योजक त्यांच्या गावात संगीत विद्यालय काढतायत, राहायला बंगला आणि महिना चाळीस हजार देतो म्हणतायत, तर जावं का. मी हे केलंय, अकरा वर्षांपूर्वी, जवळपास अशाच गावात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला नेणारे गृहस्थ मनाने खरंच मोठे होते. गाण्याचं वेड होतं त्यांना, मी पोचायच्या आधीच मिरजेहून दोन तानपुरे येऊन पडले होते आणि पहिल्याच महिन्यात चव्वेचाळीस मुलं झाली. पण लेखी काहीच नव्हतं, सगळं शब्दावर. मग सकाळी सात ते आठ त्यांच्या नातीची शिकवणी सुरू झाली, रात्री पाहुणे आले की ताई एखादं भजन होऊ द्या, आणि नाही कसं म्हणणार, घर त्यांचं, पगार त्यांचा. वाईट कोणीच वागत नव्हतं पण माझा सकाळचा रियाझ गेला. सहा महिन्यांनी गुरुजींकडे गेले, भैरव गायला बसले तर रिषभावरचं (रे वरचं) आंदोलन, म्हणजे सुराचं ते हळुवार झुलणं, येईचना, नुसता सूर लागतोय आणि तिथेच थांबतोय. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, तानपुरा हळूच आडवा ठेवला आणि चहा सांगितला. ते मला अजून लागतं.

पुढच्या वर्षी त्या गृहस्थांना अर्धांगवायू झाला. त्यांच्या मुलांना गाण्यात रस नव्हता, एका सोमवारी हॉलला कुलूप, तानपुरे ट्रस्टच्या सामानात, आणि संध्याकाळी पाचला मुलं वह्या घेऊन गेटबाहेर उभी. मी त्यांना विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात घेऊन गेले, भजनी मंडळाने पेटी दिली, अठरा मुलं टिकली, चार महिने तसं चालवलं आणि मग परत आले कारण भाडं परवडेना.

तरी मी तुम्हाला जाऊ नका म्हणणार नाही. लहान गावात गाणं वाढत नाही हे खोटं आहे. मध्य प्रदेशातलं मैहर केवढंसं गाव, सरोदवादक अल्लाउद्दीन खाँ तिथे राजा ब्रिजनाथसिंहांच्या आश्रयाला गेले आणि १९७२ ला जाईपर्यंत तिथलेच राहिले, रविशंकर, निखिल बॅनर्जींसारखे सतारिये सगळे शिकायला त्या गावात आले. पण कोल्हापूरचंही बघा. शाहू महाराजांनी गायक अल्लादिया खाँसाहेबांना किती मानाने ठेवलं होतं, १९२२ ला महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले, सांगलीत त्यांच्याकडे शिकायला लागलेल्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांनाही तालमीसाठी मागोमाग मुंबई गाठावी लागली. आणि बडोद्याला सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ ला गायनशाळा काढली, ती राजाच्या मर्जीवर न राहता संस्था झाली, म्हणून महाराज गेले, संस्थान गेलं, तरी ती आज विद्यापीठाची फॅकल्टी म्हणून चालू आहे. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. तुमचे हे उद्योजक शाळा काढतायत की घरी गायिका ठेवतायत, ते आधी बघा.

म्हणजे विद्यालय कोणाच्या नावावर आहे, ट्रस्ट नोंदवलाय का, निदान तीन वर्षांचा पगार बाजूला ठेवलाय का, आणि मुलांची थोडी का होईना फी घेतायत का, कारण फुकट असलं की आईबापही सणासुदीला सरळ सुट्टी मारतात आणि शाळा एकाच माणसाच्या खिशावर राहते. सकाळी नऊपर्यंत तुम्ही कोणाच्याही नाही हे लेखी घ्या, खरंच लेखी, मनाला कितीही संकोच वाटला तरी. घरगुती कार्यक्रमात वर्षातून किती वेळा गायचं तेही त्यातच. महिन्यातून चार दिवस पुण्याला तालमीसाठी यायचे, पगार न कापता. गावात ठेका धरणारा कोणी आहे का ते विचारा, नुसत्या ॲपच्या तबल्यावर दोन वर्षं काढली की लय अंगातून जाते. तानपुरा तुमचा स्वतःचा न्या, पण तिकडच्या उन्हाळ्यात जपा, माझ्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला मे महिन्यात बारीक चीर गेली आणि ती दुरुस्त करून जवारी (तारांखालची घोडी घासून नाद जुळवणं) काढून घ्यायला गोधडीत गुंडाळून, एसटीने दोन गाड्या बदलून मिरजेपर्यंत आणावा लागला.

पैशाचं म्हणाल तर घरभाडं नसताना चाळीस हजार तिकडे पुरतात, त्याची काळजी नको.

एक मात्र राहून राहून वाटतंय. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात गुरुजी आहेत पण ते काय म्हणाले ते कुठेच नाहीये. अजून विचारलं नसेल तर होकार कळवायच्या आधी जाऊन विचारा, फोनवर नको.