वाचकांचे प्रश्न : नक्षी शिल्लक असताना टायरचा पट्टा का निघतो?

प्रश्न : आमची 17 आसनी व्हॅन समृद्धी महामार्गाने नागपूरला जात असताना मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टा सोलून निघाला, मडगार्ड फाटले. टायरमधली हवा मात्र तशीच होती, नक्षीही 5 मिलिमीटर शिल्लक होती. टायरवाला सिमेंटच्या रस्त्याला दोष देतो. खरे काय?
– एक व्हॅनमालक, जालना

उत्तर : नक्षीवरून टायर किती झिजला ते कळते, आतून किती शाबूत आहे ते कळत नाही. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे एकावर एक बसवलेले असतात. त्यांच्या कडा ही सर्वांत नाजूक जागा. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याने तापतो आणि तारांवरची रबराची पकड कडेकडून सुटू लागते. ही चीर आतल्या आत वाढते. मग भर उन्हात, भरलेली गाडी तास-दोन तास न थांबता पळवली की नक्षीसकट वरचा पट्टा सुटतो. एकट्या सिमेंटला दोष देऊन भागणार नाही. समृद्धीवर गावे नाहीत, सिग्नल नाहीत, त्यामुळे टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही, एवढे मात्र खरे.

ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, तेही पट्टा सुटण्याच्या तक्रारींमुळेच. तिथेही उष्ण राज्यांतून तक्रारी जास्त आल्या होत्या.

निघालेला तुकडा टाकला नसेल तर उजेडात धरून पाहा. तारा गंजलेल्या असतील तर जुन्या पंक्चरमधून पाणी आत गेले होते. बाहेरून दोरी ठोकून केलेले पंक्चर हवा अडवते, पण ओल आतल्या तारांपर्यंत पोचू शकते; म्हणून टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारी दांडी असलेला छत्रीसारखा पॅच) लावून घ्यावा. सुटलेली बाजू घासून गुळगुळीत झाली असेल तर चीर बरेच दिवस वाढत होती. रबरावर निळसर झाक असेल, टायरच्या आत काळी भुकटी किंवा सुरकुत्या असतील, तर गाडी कमी हवेवर चालली आहे.

आता वजन. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे भारांक असतो. 104 म्हणजे एका टायरला 900 किलो, मागच्या दोघांना मिळून 1,800, आणि तेही हवा पुरेशी असेल तरच. 17 माणसे सरासरी 65 किलोची धरली तरी 1,105 किलो होतात. त्यावर टपावरचे सामान आणि गाडीचे स्वतःचे वजन. गाडी सामानासकट वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्या. आकडा भारांकानुसार दोन्ही टायरना मिळून चालणाऱ्या वजनाच्या वर गेला तर सामान कमी करा. मागचे टायर नेमके किती वजनावर धावतात हे बहुतेक मालकांनी कधी पाहिलेलेच नसते.

हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना, स्वतःच्या गेजने तपासा. भरल्या गाडीसाठीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पुढचा-मागचा वेगळा असू शकतो. धावून तापलेल्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय जास्त दिसते. ती सोडू नका. सोडलीत तर गार झाल्यावर कमी पडेल.

प्रश्न : आधी काही कळते का?
– एक चालक, सिन्नर

उत्तर : बहुधा कळते. 30-40 च्या वेगाला ‘धप-धप’ असा ठोका येतो. पुढचा टायर असेल तर स्टेअरिंग हलते, मागचा असेल तर सीट. बॅलन्सिंग करूनही ठोका राहिला तर चाक जॅकवर उचला, नक्षीजवळ एक काडी स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. एका जागी काडी टेकली तर तिथे फुगा आहे. तो टायर काढाच. फुग्यावर दुरुस्ती नाही.

प्रश्न : धावताना टायर गेलाच तर?
– एक वाचक, मेहकर

उत्तर : ब्रेक दाबू नका. मागचा टायर गेल्यावर ब्रेक दाबला की व्हॅनची शेपूट फिरते, आणि उंच गाडी उलटते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला, वेग 30 च्या खाली येऊ द्या, मग इंडिकेटर देऊन कडेला घ्या. प्रवाशांना रहदारी नसलेल्या बाजूने उतरवून रेलिंगपलीकडे न्या; गाडीच्या मागे कोणी थांबू नये.

प्रश्न : स्टेपनी कधीच वापरली नाही, नवी दिसते. पुढे लावू का?
– एक शाळाव्हॅन चालक, पनवेल

उत्तर : आधी तारीख पाहा. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे : 3117 म्हणजे 2017 चा 31 वा आठवडा. ते पुष्कळदा एकाच बाजूला असतात, म्हणून आतली बाजूही बघा. रबर न वापरताही कडक होते; गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीला चिखल आणि सायलेन्सरची धगही सोसावी लागते. मुलांच्या गाडीला सहा वर्षांवरचा टायर लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नवा टायर बसवताना रबरी वॉल्व्हही नवा घाला.