गाड्या डिझाइन करायच्या ऑटोमेशन या गेममध्ये माझ्या काल्पनिक कंपनीची लक्झरी स्पोर्ट सेडान बनवली. मोठी ग्रिल लावूनही ती साधी का दिसते?

ग्रिलचा प्रश्नच नाही, प्रमाण चुकलंय: पुढचं चाक आणि दरवाजा यांच्यात जास्त अंतर असलेली बॉडी घ्या. इंजिन लांबीच्या दिशेने बसवून मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत पुढची चाकं पुढे सरकतात. महागड्या सेडान वर्षानुवर्षं अशाच बनत आल्या, म्हणून ते अंतर डोळ्याला ताकदीचं वाटतं. आडव्या इंजिनाच्या गाडीत चाक दरवाजाला चिकटतं. मग ओळखीची एकच खूण ठेवा आणि प्रत्येक मॉडेलवर तीच द्या. बीएमडब्ल्यूने १९६१ च्या १५०० मॉडेलला बाजूच्या मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात दिलेला बाक अजून बिल्ला न बघता ओळखता येतो.

पृष्ठभागाचं मात्र मी कामावरून सांगतो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, बनवतो. घासून पॉलिश केलेल्या लाकडावर ट्यूबलाइटची रेघ जिथे थरथरते तिथे हमखास खळगा असतो. गाडी काळ्या रंगात करा, हळूहळू फिरवा आणि दरवाजावरची उजेडाची रेघ बघा.

इंजिन सीटच्या मागे असेल तर पहिला नियम उलटा: केबिन पुढे, नाक आखूड.