मोटर सर्वांत शेवटी जोडा: ढोल-ताशाच्या एका यांत्रिक खेळण्याची रचना

सोसायटीतील सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीत शिबिर घ्यायचे आहे, त्यात मोटरवर चालणारे, करमणूक करणारे आणि थोडे यंत्रशास्त्र शिकवणारे खेळणे मुलांच्या हातून बनवून घ्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. दिवे लागणारी, गाणे वाजवणारी आणि अडथळा आला की वळणारी गाडी आपल्या मनात आहे. तिच्यासाठी मोटर कोणती घ्यावी, कंट्रोलर (मोटर चालवणारा, प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) कोणता घ्यावा, आणि उरलेली खेळणी प्रदर्शनात विकता येतील का, हे आपले प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरे पुढे देतो, परंतु त्याआधी गाडीच्या कल्पनेबद्दल माझा आक्षेप स्पष्टपणे नोंदवतो.

अशा गाडीत जे काही घडते ते झाकणाखाली घडते. मुलाला बटण दिसते आणि परिणाम दिसतो. या दोहोंमधली कार्यकारणाची साखळी चिपमध्ये आणि बंद गिअरबॉक्समध्ये राहते. मूल पाच-दहा मिनिटे आनंदाने गाडी पळवते आणि नंतर ती कशावर तरी आदळवून पाहू लागते, कारण तिच्याबाबत स्वतः करून पाहण्यासारखे तेवढेच शिल्लक असते. खेळणे शिकवते की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे: मुलाला त्यातला एक भाग कोणाच्याही मदतीशिवाय बदलता आला पाहिजे, आणि तो बदलल्याबरोबर हालचालीत काय फरक पडला हे त्याला डोळ्यांनी, कानांनी किंवा हाताने कळले पाहिजे. या कसोटीवर उतरणारी एक रचना पुण्यातील मुलांना मुद्दाम ओळख करून देण्याची गरज नसलेल्या विषयावर बेतता येते, आणि तो विषय म्हणजे ढोल-ताशा.

जत्रेत मिळणारी, दोरीने ओढली की चाकांबरोबर दोन काड्या छोट्या ढोलकीवर वाजू लागणारी गाडी आपण पाहिली असेल. तिच्यातील तत्त्वच येथे वापरायचे आहे, फक्त ते उघडे करून आणि बदलता येईल असे करून. एका आडव्या आसावर दोन तबकड्या बसवाव्यात. प्रत्येक तबकडीच्या कडेजवळ एका वर्तुळावर समान अंतराने बारा भोके असावीत, आणि त्या भोकांत हव्या तेथे खुंट्या खोचता याव्यात. तबकडी फिरू लागली की खुंटी एका तरफेची शेपूट खाली दाबते, त्यामुळे तरफेचे दुसरे टोक, म्हणजे ढोलाचे टिपरू, वर उचलले जाते. खुंटी शेपटीवरून निसटली की टिपरू आपल्या वजनाने खाली पडते आणि ठोका वाजतो. एक तबकडी ढोलाची, दुसरी ताशाची. ढोलासाठी मोठा रिकामा पत्र्याचा डबा आणि ताशासाठी लहान स्टीलची वाटी पालथी ठेवली तरी दोन्हींचे आवाज सहज वेगळे ओळखू येतात. वाटीचा आवाज फार कर्कश वाटला, तर काडीच्या टोकाला चामड्याचा तुकडा चिकटवावा.

बारा हाच आकडा घेण्याचे कारण असे की बाराला दोन, तीन, चार आणि सहा या सर्वांनी भाग जातो, त्यामुळे खुंट्यांची समान वाटणी अनेक प्रकारे करता येते. समजा, मुलाने ढोलाच्या तबकडीत तीन खुंट्या चार-चार भोकांच्या अंतराने लावल्या आणि ताशाच्या तबकडीत चार खुंट्या तीन-तीन भोकांच्या अंतराने लावल्या. आता सुरुवात कोठूनही केली तरी एका फेरीत दोन्ही ठोके नेमके एकदा एकत्र पडतात. ढोलाला चार आणि ताशाला सहा खुंट्या लावल्या, तर सुरुवात जुळवून केल्यास ठोके दोनदा एकत्र येतात. पण एकच तबकडी एक भोक पुढे सरकवून पाहिली, तर ढोलाच्या खुंट्या तीनच्या आणि ताशाच्या दोनच्या अंतरावर असल्यामुळे एकत्र येण्याची जागा सरकते, संख्या मात्र दोनच राहते. दोन आणि चार खुंट्यांची जोडी घेतली, की एका भोकाच्या सरकण्याने ठोके मुळीच एकत्र येत नाहीत. हा लसावि-मसावि आहे हे त्या वयात सांगण्याची आवश्यकता नाही. मूल ठोके ऐकते, खुंटी हलवते, पुन्हा ऐकते, आणि पुढे पाचवी-सहावीत तो धडा येतो तेव्हा त्यामागची गोष्ट त्याच्या कानाला आधीच परिचित असते. खुंट्या असमान अंतरावर लावल्या की खरा ठेका तयार होऊ लागतो, आणि पथकात ऐकलेला ठेका भोकांत कसा बसवायचा हा खटाटोप मुले तासन्‌तास करतात. खुंट्या बदलून यंत्राकडून वेगळे काम करवून घेण्याची ही कल्पना फार जुनी आहे: अल-जझारी या अभियंत्याने 1206 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात वादकांच्या एका नावेचे वर्णन आहे, आणि तिच्यातही फिरत्या आसावरच्या खुंट्या तरफांना ढकलून वाद्ये वाजवतात.

आता मोजमापे. तबकडी साठ-पासष्ट मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची किंवा प्लायवूडची घ्यावी आणि भोकांचे वर्तुळ पंचवीस मिलिमीटर त्रिज्येचे काढावे. लेझर कटिंग करून घेणे सोपे आहे, पण ही आखणी मुलांकडून कंपासने करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. वर्तुळाच्या त्रिज्येएवढाच कंपास उघडा ठेवून परिघावर खुणा करत गेले की बरोबर सहा खुणा होतात, आणि प्रत्येक दोन खुणांचा मध्य काढला की बारा. टिपरू टेकूपासून बारा सेंटीमीटर आणि शेपूट तीन सेंटीमीटर ठेवली, तर शेपूट सहा मिलिमीटर दाबली गेल्यावर टिपऱ्याचे टोक चोवीस मिलिमीटर उचलले जाते. एवढ्या उंचीवरून मोकळी वस्तू पडायला सुमारे 0.07 सेकंद लागतात. तरफेला शेपटीमुळे व घर्षणामुळे थोडा अधिक वेळ लागेल असे धरावे. आस मिनिटाला वीस फेऱ्या करत असेल आणि बाराही भोकांत खुंट्या असतील, तर दोन ठोक्यांमध्ये पाव सेकंद मिळतो, म्हणजे टिपरू खाली पडून पुन्हा उचलले जाण्यास पुरेसा अवधी राहतो. वेग साठ फेऱ्यांवर नेला तर तोच अवधी 0.08 सेकंदावर येतो, टिपरू खाली पोहोचण्याआधीच पुढची खुंटी त्याला उचलते आणि ठोके गळू लागतात. मिनिटाला पंधरा ते तीस फेऱ्या ही मर्यादा म्हणूनच पाळावी.

आसासाठी पाच किंवा सहा मिलिमीटरचा सरळ गज घ्यावा. तरफेच्या टेकूसाठी सायकलचा स्पोक आणि त्यावर सैल फिरणारा बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा उत्तम चालतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या एकमेकींवर घट्ट बांधून आसाची भोके एकाच वेळी पाडावीत. ती निरनिराळी पाडली की आस किंचित तिरका बसतो, घर्षण वाढते, आणि मग अशक्त मोटरला विनाकारण दोष दिला जातो. चौकटीची समोरची बाजू उघडी किंवा पारदर्शक ॲक्रिलिकची असावी. रंगकाम, वादकांच्या आकृत्या, फेटे, झेंडे हे सर्व मुलांवर सोडावे.

आसाच्या एका टोकाला पाच सेंटीमीटरचे हँडल बसवावे आणि पहिल्या दिवशी खेळणे हातानेच वाजवू द्यावे. मोटर शेवटी जोडा असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण येथे आहे. दोन्ही खुंट्या एकाच वेळी शेपट्यांवर आल्या की हँडल जड होते आणि त्या निसटल्या की एकदम हलके होते. टिपऱ्याच्या टोकाला थोडे वजन चिकटवले की ते आणखी जड होते. यंत्राला काम करण्यासाठी बळ लागते हे मुलाच्या मनगटाला समजते, आणि ही जाणीव मोटर देऊ शकत नाही. हाताने वाजवून झाल्यावर मोटर जोडली, की ठोके एकत्र पडताना तिचा आवाज किंचित खाली उतरतो. आपल्याला जेथे जोर लावावा लागला होता तेथेच तिलाही लावावा लागतो आहे, हे मूल स्वतःहून ओळखते.

मोटरची निवड अंदाजाने न करता छोटा हिशेब करून करावी. टिपऱ्याचे वजन पंधरा ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून सहा सेंटीमीटरवर धरला, तर नव्वद ग्रॅम-सेंटीमीटर आघूर्ण (फिरवण्यासाठी लागणारा जोर, म्हणजे भार गुणिले अंतर) होते. शेपूट तीन सेंटीमीटर असल्याने खुंटीवर तीस ग्रॅमचा भार येतो, आणि खुंटी आसापासून अडीच सेंटीमीटरवर असल्याने आसावर पंच्याहत्तर ग्रॅम-सेंटीमीटर. दोन टिपऱ्यांचे दीडशे, आणि घर्षणासाठी दुप्पट धरून तीनशे ग्रॅम-सेंटीमीटर. पाच सेंटीमीटरच्या हँडलवर हा भार साठ ग्रॅमचा होतो, जो लहान मुलाला सहज पेलतो. आपल्याकडे बीओ मोटर या नावाने मिळणारी पिवळी गिअर मोटर मिनिटाला साठ फेऱ्यांची घ्यावी आणि तिच्यापासून आसापर्यंत रबर बँडचा पट्टा एकास तीन प्रमाणात लावावा: मोटरवर पंधरा मिलिमीटरची पुली आणि आसावर पंचेचाळीसची. मग आस मिनिटाला सुमारे वीस फेऱ्या करतो आणि मोटरला केवळ शंभर ग्रॅम-सेंटीमीटर द्यावे लागतात, जे तिच्या आवाक्यात आहे. आसावरच्या पुलीला तीस, पंचेचाळीस आणि साठ मिलिमीटरच्या तीन खाचा ठेवल्या, तर पट्टा सरकवून तीस, वीस आणि पंधरा असे तीन वेग मिळतात. मोठी पुली म्हणजे कमी वेग, हे व्यस्त प्रमाण फळ्यावर न लिहिताही लक्षात येते.

दंतचक्रांऐवजी पट्टा सुचवण्यामागे दोन कारणे आहेत. बोट, केस किंवा खुंटी अडकली तर रबर बँड घसरतो आणि इजेचा धोका कमी होतो, मोटरही अडून तापत नाही. शिवाय बँड काढला की मोटर आसापासून सुटी होते आणि खेळणे पुन्हा हाताने फिरवता येते. खेळण्यातल्या लहान उघड्या मोटरला वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांनी चक्र फिरवणारा गिअर) जोडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. पण वर्म गिअर सहसा उलट बाजूने फिरत नाही, त्यामुळे तो थेट आसावर बसवला की हँडल निरुपयोगी ठरते. एक सूचना येथेच देतो: मोटरची दिशा उलटी करणारा स्विच या रचनेत लावू नये. आस उलटा फिरला तर खुंटी शेपटीला वर ढकलते, टिपरू डब्यावर दाबले जाते आणि सगळे अडते.

विजेसाठी एए आकाराचे चार सेल पुरेत. ते सहा व्होल्ट देतात. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असल्याने चारांचे 4.8 व्होल्टच होतात आणि ठेका थोडा संथ पडतो, एवढेच. लिथियम सेल शिबिरात आणू नयेत. बटण सेल तर मुळीच नकोत, कारण मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सेलच्या डब्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. हलत्या भागांमधील फटींसाठी सुरक्षामानकांतील नियम उपयोगी आहे: एखाद्या फटीत पाच मिलिमीटरची कांडी जात असेल, तर बारा मिलिमीटरचीही गेली पाहिजे, म्हणजे बोट जाऊन चिमटणार नाही. सुट्या खुंट्या 31.7 मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळीत पूर्ण मावणार, म्हणजे तीन वर्षांखालील मुलांच्या दृष्टीने त्या घशात अडकण्याजोग्या आहेत. घरी लहान भावंड असलेल्या मुलांच्या पालकांना हे आधीच सांगावे आणि खुंट्यांसाठी झाकणाची डबी द्यावी.

कंट्रोलर या वयोगटासाठी मी घेणार नाही. खुंट्यांची तबकडी हाच येथे प्रोग्राम आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. पुढच्या वर्षी हीच मुले आली, तर टिपरे छोट्या सर्व्हो मोटरने (सांगितलेल्या कोनापर्यंत वळून थांबणाऱ्या मोटरने) हलवून तोच ठेका कोडमध्ये लिहायला द्यावा.

मोटर, सेलचे डबे आणि स्विच बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. गज, स्क्रू आणि वॉशरसाठी रविवार पेठेतील बोहरी आळीत जावे. साहित्य आणण्याआधी आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचे काम अवश्य पाहावे, जेथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान शिकवणाऱ्या खेळण्यांवर अनेक वर्षे काम केले. गणेशोत्सवात पेठांमधील हलत्या देखाव्यांची मागची बाजू दाखवण्याची विनंतीही कार्यकर्त्यांना करून पाहावी. क्रँक, तरफा आणि पट्टे मोठ्या आकारात पाहण्याची इतकी चांगली संधी मुलांना अन्यत्र क्वचितच मिळते.

राहिला विक्रीचा प्रश्न. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठीची खेळणी विकण्यासाठी बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) प्रमाणपत्र व आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. यांत्रिक सुरक्षेसाठी आयएस 9873 आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 ही मानके आहेत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सवलत आहे, परंतु ती आपल्या शिबिराला लागू होत नाही. म्हणून खेळणी विकू नयेत. ज्या मुलाने जे बनवले ते त्यानेच घरी न्यावे, आणि प्रदर्शनात एक-दोन नमुने पाहणाऱ्यांना हाताळण्यासाठी ठेवावेत.