२४ ते ५ व्होल्टचं एलएम २५९६ मोड्यूल जास्त का तापतंय? आयसी बदलूनही फरक नाही

एलएम २५९६ म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज खाली आणणारी आयसी. हीटसिंक चिकटवायच्या आधी बोर्डाची स्विचिंग फ्रिक्वेन्सी, म्हणजे ही चालू-बंद सेकंदाला किती वेळा होते ते, मोजा. तुम्ही लिहिलंय की जुन्या लॉटची मोड्यूलं २ अँपिअर लोडवर महिनोन्महिने चालली, नव्या लॉटचं मात्र दहा मिनिटांत हात लावू देत नाही, आणि त्याच दुकानातली दुसरी आयसी टाकूनही तेच. मला खटकतंय ते हे ‘त्याच दुकानातली’.

थोडं तापणं धरूनच चालायचं. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर अडीच वॅट उष्णतेत जाणारच. या आयसीत स्विच म्हणून मॉसफेट (कमी वाया घालवणारा ट्रान्झिस्टर) नसतो, जुन्या पद्धतीचा बायपोलर ट्रान्झिस्टर असतो, आणि तो चालू असताना त्याच्यावर व्होल्टभर वाया जातो. त्यामुळे आयसी सत्तर अंशांवर गेली, बोट टेकवेना, एवढ्यावरून बिघाड म्हणता येत नाही. इनपुटचा करंट बघा. २४ व्होल्टला ०.५२ अँपिअरच्या आसपास हवा. ०.६५ दिसला तर पाणी कुठेतरी मुरतंय.

आता फ्रिक्वेन्सी. स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) प्रोब आयसीच्या २ नंबर पिनवर, ग्राउंड ३ नंबरवर. स्कोप नसेल तर हर्ट्झची रेंज असलेला मल्टिमीटरही बहुतेक वेळा भागवतो. खरी एलएम २५९६ १५० किलोहर्ट्झवर चालते. तिथे ५० च्या आसपास आकडा आला, तर वर छापलेलं काहीही असो, आत एलएम २५७६ च्या जातीची चिप आहे. ती ५२ किलोहर्ट्झची. असा नंबर पुसून नवा छापलेला माल बाजारात भरपूर फिरतो, त्यामुळे त्याच दुकानातली दुसरी आयसीही तसलीच असू शकते.

आउटपुट ५ व्होल्ट बरोबर येतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. मार खाते ती कॉइल. तिच्यावर ३३० लिहिलं असेल तर ती ३३ मायक्रोहेन्रीची, म्हणजे १५० किलोहर्ट्झसाठी निवडलेली. तुमच्या व्होल्टेजला १५० वर तिच्यातला रिपल, म्हणजे करंटचा चढउतार, साधारण ०.९ अँपिअर येतो. ५२ वर तोच अडीचच्या घरात जातो. म्हणजे २ अँपिअर लोडला कॉइलमधल्या करंटचं शिखर सव्वातीन अँपिअरला टेकतं. मोड्यूलवरच्या छोट्या कॉइलचा गाभा तिथे सॅच्युरेट व्हायला लागतो (आणखी चुंबकत्व धरू शकत नाही), करंट उसळी घेतो, आणि कॉइल, आयसी, आउटपुटचा कपॅसिटर असे तिघेही तापतात. हीटसिंक फक्त आयसीला लावणार, बाकी दोघांचं काय?

कोण आधी तापतंय ते बघायला, बोर्ड थंड असताना चालू करून लगेच कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी पातळ लावा. जिथून आधी उडेल तो गुन्हेगार. (ठिणगी, सिगारेट जवळ नको.) इन्फ्रारेड गनवर फार विसंबू नका. चकचकीत धातूवर ती तापमान कमी दाखवते. काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मोजा.

उपाय म्हणजे अधिकृत वितरकाकडून आयसी घेणं. घाई असेल तर आहे तीच आयसी ठेवा आणि ५ अँपिअर सॅच्युरेशनची १०० मायक्रोहेन्री कॉइल लावा, रिपल पुन्हा ०.८ वर येतो. कॉइल मोठी असते, मोड्यूलवर मावेलच असं नाही.

फ्रिक्वेन्सी १५० च निघाली तर मात्र डायोडवरचं छापील बघा. एसएस ३४ किंवा एसएस ५४ हवं, हे शॉटकी म्हणजे झटपट बंद होणारे डायोड. एम ७ लिहिलेलं असेल तर तो साधा रेक्टिफायर आहे, शॉटकी नव्हे. या वेगाला तो स्वतः तापतो आणि आयसीलाही तापवतो, काढून टाका.